अमावस्येची रांग

हुबळी-धारवाडला लोक पेढे आणायला जातात, गाणं ऐकायला जातात, कुणाच्या लग्नाला जातात. मी गेले ती एका मोकळ्या प्लॉटवर उभं राहून 'हो' किंवा 'नको' म्हणायला. परत आल्यावर जो तो विचारतो, कसा झाला प्रवास. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते.

मिलिंद अण्णा हा माझ्या मोठ्या मावशीचा मुलगा. त्याचा सगळा जन्म हुबळीत गेला, नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात. नुकताच निवृत्त झाला. धारवाडच्या वाटेवर रायापूरला त्याचा एक प्लॉट आहे, अगदी रस्त्याला लागून. तिथं इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग स्टेशन काढायचं असा प्रस्ताव घेऊन एक एजंट त्याच्याकडे आला होता. मशीन कंपनीची, जागा अण्णाची. विजेची जोडणी, ट्रान्सफॉर्मर, शेड, फरशी हा खर्चही अण्णाचा. निवृत्तीचे म्हणून जेवढे पैसे मिळाले तेवढे सगळे त्यात जाणार होते आणि जागा लांबच्या करारात अडकणार होती.

"यशू, तू इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवतेस," अण्णा फोनवर म्हणाला. "तुझ्याकडं तसली गाडी हाय. तू ये, बघ आणि सांग. तू हो म्हणालीस की मी सही करणार. दुसऱ्या कुणाला इचारणार नाही."

असं कुणी म्हटलं की माणूस फुगतो. मीही फुगले. त्याच प्लॉटवर घर बांधायचं असं सुमन वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, कित्येक वर्षं बोलत होत्या, हे मला माहीत होतं. पण ते मी तेव्हा बाजूला ठेवलं. मला विचारलेला प्रश्न विजेचा होता, घराचा नव्हता.

कित्तूरच्या आसपास

माझी गाडी जुनी, लहान बॅटरीची. कोल्हापूरहून धारवाड एका दमात होत नाही. बेळगाव ओलांडून कित्तूरच्या आसपास एका धाब्यावर चार्जर आहे, तिथं थांबायचं असं ठरवून सकाळी निघाले. मार्चचं ऊन संकेश्वरपासूनच चटके द्यायला लागलं होतं. बेळगाव सुटल्यावर दोन्ही बाजूंना काळी रानं सुरू झाली. आमच्याकडच्या उसाच्या हिरव्या भिंती मागे पडल्या, नजर लांबवर जायला लागली. ती सुटणारी नजर मला फार आवडते, पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष समोरच्या बॅटरीच्या टक्क्यांवर होतं.

धाब्यावरच्या मशीनला कुणीतरी गोणपाट बांधून ठेवलं होतं. मी गल्ल्यावरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने हात हलवून सांगितलं, "करंट इल्ल अक्का." मग माझा चेहरा बघून मराठीत आला. "ट्रान्सफॉर्मर गेलाय. हप्ता झाला. मिरची खाणार काय, गरम हाय?"

मिरची खाल्ली. दुसरं काय करणार? पोपटी, लांब, बेसनात बुडवलेली, सोबत कच्चा कांदा. आमच्याकडची मिरची भजी आधी तोंडाला चव देतात आणि मग भाजतात, इथली तसला काही उशीर लावत नाहीत. डोळ्यांतून पाणी काढत मी हिशेब मांडला. एसी बंद, काचा खाली, पाय हलका, तर रायापूरपर्यंत कशीबशी पोचेन. तिथं अण्णाच्या प्लॉटच्या जवळच एक चार्जिंग स्टेशन आधीपासून आहे, ते त्यानेच सांगितलं होतं.

पुढचा रस्ता मी ट्रकच्या मागे मागे, घामाने भिजत काढला. धारवाडच्या अलीकडे बायपास फुटतो. माझ्या पुढच्या-मागच्या जवळजवळ सगळ्या गाड्या बायपासला लागल्या, मी एकटीच जुन्या रस्त्याला वळले. बॅटरीचा आकडा एकेरी झाला आणि धोक्याचा दिवा लागला. हा दिवा लागला की मला माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणातल्या मशीनची आठवण होते.

रायापूर

स्टेशन दिसलं आणि ब्रेकवर पाय गेला. गाडीत खोचायच्या दोन गन, दोन्हीला गाड्या आणि त्यांच्या मागे पार रस्त्यापर्यंत रांग. गाड्यांना झेंडूच्या माळा, नंबरप्लेटवर हळदकुंकू, बंपरला ताजं लिंबू-मिरची. बायका पदराने वारा घेत झाडाखाली बसलेल्या, पोरं चिरमुरे खात होती. पुढे भांडण पेटलं होतं. एका गाडीची बॅटरी केव्हाच भरली होती, पण मालक गन तशीच लावून सहकुटुंब जेवायला गेला होता. कन्नडमध्ये त्याचा उद्धार चालू होता. मला कन्नड अर्धं कळतं, पण शिव्या पुऱ्या कळल्या.

माझी गाडी रांगेत बंद पडली असती तर टोचन लावून ओढावी लागली असती. मी उतरून एकाला विनवलं, मला जरा पुढे घ्या म्हणून. त्याने मागच्याकडे बोट दाखवलं, मागच्याने त्याच्या मागच्याकडे. एक बाई तर सरळ म्हणाली, आम्ही पण माणसंच आहोत. मला रडू यायच्या बेतात होतं, एवढ्यात अण्णा स्कूटरवरून आला.

मी अण्णाला लहानपणापासून बघते. लग्नकार्यात तो कोपऱ्यात बसतो, फोटोत शेवटच्या ओळीत असतो. पण त्या दिवशी त्याने स्कूटर स्टँडला लावली, चष्मा पुसला आणि सरळ रांगेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. कुणाला किती लांब जायचं, कुणाची किती बॅटरी उरली, सगळ्यांना विचारून घेतलं. समोरच्या खानावळीत जाऊन त्या जेवणाऱ्याला ताटावरून उठवून आणलं. ज्याची बॅटरी सगळ्यात कमी त्याला आधी थोडी, मग पुढचा, असा नियम त्याने जागच्या जागी केला आणि नवल म्हणजे लोकांनी ऐकला. पस्तीस-चाळीस वर्षं वर्कशॉपात बिघडलेले डबे रांगेला लावण्यात गेली, ती अशी उपयोगी पडली.

थोड्या वेळाने एक गृहस्थ त्याच्याजवळ आले. पांढरंशुभ्र धोतर, सोन्याची घड्याळाची साखळी, मोठी गाडी. हात जोडल्यासारखे करत म्हणाले, "नम्म नंबर यावागरी अण्णार?" आमचा नंबर कधी, एवढंच. अण्णा म्हणाला, "तडीरी, थांबा, येतोय." ते मागे जाऊन उभे राहिले. अण्णा त्यांच्या पाठीकडे जरा वेळ बघत राहिला. मला वाटलं, त्याला ऊन लागलं असावं.

मला थोडं चार्जिंग मिळालं. गावात फिरण्यापुरतं, परतीला पुरेल इतकं नाही. तेवढ्यावर गन काढून द्यावी लागली, नियम अण्णाचाच होता.

प्लॉट तिथून थोडाच पुढे. एजंट बसवराज वाट बघत उभा होता. हसतमुख, पोट सुटलेला, बोलायला गोड माणूस. त्याला फार बोलावंच लागलं नाही. नुसता रांगेकडे हात केला. "एक स्टेशन हाय तर ही गत. दुसरं झालं तर लोक आशीर्वाद देतील, मॅडम."

मी प्लॉट बघितला. उंचवटा बरा, पाणी साचणार नाही. विजेची मोठी लाईन समोरूनच गेलेली. गाडी आत येऊन बाहेर पडायला जागा ऐसपैस. मी काय काय बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. विजेचा भार किती, मागणी किती, पाच वर्षांत गाड्या किती वाढतील. वर्गात पोरांसमोर बोलते तसं बोलले. अण्णा एकेक शब्द पीत होता.

"मग आजच करू या सही," तो म्हणाला.

बसवराजचं हसू जरा आटलं. "इवत्त ब्याडरी. आज अमावस्या. उद्या सकाळी करू, वकिलांकडं सगळं तयार हाय."

अण्णा हसला. "आम्ही मानत नाही ते. आमच्यात अमावस्येला काय होत नाही."

"तुमच्यात नाही हो, पण माझ्यात हाय की," बसवराज म्हणाला. "माझी बायको घरात घेणार नाही."

आम्ही तिघंही हसलो. मी तर वर म्हणाले की माझी जागा असती तर आत्ता, या दगडावर कागद ठेवून सही केली असती. विनोद म्हणूनच म्हणाले. पण अण्णाने मान डोलावली आणि मी 'हो' म्हणून मोकळी झाले.

कमरीपेठ

रेल्वेचं क्वार्टर सुटल्यापासून अण्णा-वहिनी कमरीपेठेत दोन खोल्यांत राहतात. खाली एक तांब्या-पितळेची भांडी ठोकणारा, शेजारी शिंपी, समोर मसाल्याची गिरणी. जिना इतका अरुंद की माझी बॅग आडवी धरून चढवावी लागली. घरमालकीण खालून ओरडल्याशिवाय पाण्याची मोटर लागत नाही, आणि मोटर लागली की वहिनी हातातलं काम टाकून बादल्यांकडे पळतात. मी आल्यापासून तशा दोनदा पळाल्या.

जेवण मात्र असं की बोटं चाटत बसावं. कागदासारखी पातळ कडक भाकरी, तेलात शिजलेली भरली वांगी, शेंगाचटणी, वर दही. आमच्याकडे भाकरी मऊ असेल तर सुगरण, इकडे ती पापडासारखी मोडली पाहिजे. वहिनी वाढत होत्या आणि अण्णा दुपारची रांग पुन्हा पुन्हा सांगत होता. प्रत्येक वेळी ती थोडी लांबत होती.

"किती वर्षांसाठी गं ते?" वहिनींनी मला विचारलं. जेवण होईतो त्या एवढंच बोलल्या.

"लांबचं असतंय ते," अण्णानेच उत्तर दिलं. "यशूनं बघितलंय सगळं."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी भाकरी मोडत बसले. त्यांना तुम्हाला काय वाटतं असं मी विचारायला हवं होतं. समोर होत्या, हाताच्या अंतरावर. त्यांनी ताटं उचलली, जमीन पुसली, आणि त्याच जमिनीवर आमची अंथरुणं घातली.

पुन्हा रायापूर

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला लॅमिंग्टन रोडवर वकिलांकडे जायचं होतं. परतीचं चार्जिंग राहिलेलं, म्हणून मी सकाळीच एकटी रायापूरला निघाले. पुन्हा कालच्यासारखी रांग असणार म्हणून लवकर. मीही तिकडून थेट वकिलांकडे येईन असं ठरलं. अण्णाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वहिनी पिशवीत आधार कार्डं, फोटो घालत होत्या.

स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं.

पहिल्यांदा आनंद झाला. चला, नशीब. आरामात गाडी लावली, गन खोचली, मशीनचा घूं आवाज सुरू झाला. राखणदार खुर्चीवर पेपर वाचत होता. झाडाखाली कालचे चिरमुरे पडले होते, त्यात चिमण्या. मी थर्मासातला चहा प्याले आणि रस्त्याकडे बघत बसले. बस गेली, रिक्षा गेल्या, दुचाक्या तर अखंड. चार्जिंगला म्हणून कुणी वळलं नाही. अर्धा तास गेला, आणखी गेला. कुणी नाही. माझ्या आनंदाला कुठेतरी बारीक कळ लागली.

"आज कुणीच कसं नाही?" मी राखणदाराला विचारलं.

त्याने पेपरवरून डोळे काढले नाहीत. "निन्नि अमावास्यी इत्तल्री अक्कार."

काल अमावस्या होती की, अक्का. एवढंच बोलून तो पुढची बातमी वाचायला लागला.

मी तिथं खांबाला धरून उभी राहिले. माळा, हळदकुंकू, ताजं लिंबू. हुबळीतल्या मठाला अमावस्येच्या दर्शनाला आलेली माणसं. गावोगावहून अमावस्येला गाडी धुऊन, पूजा करून बायकापोरांसह निघालेली, दर्शन घेऊन, प्रसाद जेवून संध्याकाळी परत जाणारी. काल एकालाही मी ते विचारलं नाही. समोर दिसत होतं, तरी. आमच्या घरात पौर्णिमा कळते, कारण त्या दिवशी विहारात वंदना असते. अमावस्या आली काय आणि गेली काय, आम्हाला पत्ता नसतो आणि नसल्याचा अभिमान असतो. माझ्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा गवंड्याने अमावस्येला कधी थापी हातात धरली नाही, दर महिन्याला मी त्याच्याशी वाद घालायची. आम्ही अमावस्या मानत नाही, पण रस्त्यावरची माणसं मानतात, हे त्या वादातही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आम्ही बहीण-भावाने महिन्यातला नेमका एक दिवस निवडला होता आणि तो सगळे दिवस समजून बसलो होतो.

मग बाकीचंही सुचायला लागलं. हुबळी-धारवाडात ज्याच्याकडे अशी गाडी आहे तो घरीच रात्रीची लावतो, त्याला इथं कशाला यायचंय? बाहेरगावचा येतो तो बायपासने निघून जातो. मीच त्या फाट्यावर एकटी वळले होते. अण्णाच्या ऐसपैस जागेत महिन्यातून एक दिवस जत्रा भरणार होती आणि उरलेले दिवस त्याने माझ्यासारखं चिमण्या बघत बसायचं होतं. तेही जुन्या स्टेशनशी वाटणी करून.

घड्याळ बघितलं. अण्णाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. महत्त्वाच्या कामाला जाताना अण्णा फोनचा आवाज बंद करतो, विहारात शिरताना करतो तसा. वहिनींचा फोन घरातल्या कपाटातच असतो. बसवराजचा नंबर मी घेतलाच नव्हता.

मी मशीन बंद केलं आणि गन ओढली. निघेना. गाडी लॉक केली, उघडली, ओढली. निघेना. ॲपवर बोट दाबून दाबून काचेवर घामाचे ठसे उमटले. मशीनवरच्या मदतीच्या नंबराला फोन केला, तर एक बाई तीन भाषांत मला धीर धरायला सांगत राहिली. राखणदार उठून आला, त्यानेही जोर लावला. गन गाडीला चावून बसली होती. मी तिला लाथ मारली. वयाच्या पन्नाशीत, साडी नेसून, दिवसाढवळ्या.

शेवटी पर्स उचलली आणि बस थांब्याकडे पळत सुटले.

"गाडी अक्का?" राखणदाराने मागून विचारलं.

"राहू दे तिथंच. कुणाला अडणार आहे?"

कोल्हापुरात गनला गाडी लावून कुणी अशी निघून गेली असती तर टायरातली हवा जागेवर राहिली नसती. इथं राखणदाराने विचार केला, मान हलवली आणि परत खुर्चीवर बसला.

लॅमिंग्टन रोड

हुबळी-धारवाड रस्त्याच्या मधोमध बसचा स्वतंत्र मार्ग आहे. गार, स्वच्छ बस, कुठल्या गाडीत अडकत नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिचं कौतुक केलं असतं. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं तेव्हा मी मनात त्या दाराला शिव्या घालत होते. नवनगर गेलं. उणकलचं तळं आलं, पाण्यावर ऊन चकाकत होतं, कठड्यावर म्हातारी माणसं बसली होती. मी अण्णाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते आणि काही केल्या पहिलं वाक्य सापडत नव्हतं. काल मी चुकीचं सांगितलं, हे वाक्य मास्तरकीत गेलेल्या तोंडाला जड जातं. त्याहून भीती होती ती कालचा त्याचा चेहरा पडलेला बघण्याची.

लॅमिंग्टन रोडवर शाळेच्या गणवेशातली पोरं, रिक्षा, स्टेशनरीची दुकानं. वकिलांची पाटी शोधून पहिल्या मजल्यावर धावत गेले. दार ढकललं तर वकील कागदाचं शेवटचं पान वाचून दाखवत होते. बसवराज अदबीने बसला होता. वहिनी भिंतीजवळच्या स्टुलावर पिशवी मांडीवर घेऊन. आणि अण्णाने पेनाचं टोपण काढलेलं होतं.

"अण्णा, थांब," मी म्हणाले. "बाहेर ये जरा."

बाहेर जिन्यावर आम्ही तिघं उभे राहिलो. मी सगळं सांगितलं, श्वास लागलेला तसाच. रिकामं स्टेशन, अमावस्या, बायपास, घरचं चार्जिंग. काल मी घाईने बोलले, माझं चुकलं, हेही सांगितलं. अण्णा ऐकत होता आणि त्याच्या मानेवरची शीर दिसायला लागली होती.

"काल तूच म्हणालीस," तो म्हणाला.

"म्हणाले. चुकले."

"आज रिकामं हाय म्हणून काय झालं? आज ना उद्या लोक येतील."

"येतील. पण तोवर तुझं सगळं त्यात गेलेलं असेल."

"जाऊ दे," तो एकदम मोठ्याने म्हणाला. खालच्या दुकानदाराने वर बघितलं. मग अण्णाचा आवाज खाली आला. "यशू, तू काल गाड्या मोजल्यास. मी माणसं बघायलो होतो. आमचे अप्पा गावात तळ्याच्या काठाला घागर घेऊन उभं राहायचे. आत पाय टाकायची मुभा नव्हती. कोण तरी यावं, वरनं पाणी ओतावं. आलं तर आलं. कधी कधी दुपार व्हायची म्हणे. मला त्यांनी हे एकदाच सांगितलं, वर्कशॉपात लागलो त्या दिवशी." त्याने चष्मा काढला. "काल तो माणूस मला इचारला, आमचा नंबर कधी. असल्या घरातला माणूस. आणि मी थांबा म्हटलं आणि तो थांबला. आपल्या जागंवर असं रोज कोण तरी थांबलं तर काय चुकलं? पैसा मिळेना का."

मी भार आणि मागणी घेऊन आले होते. माझेही आजोबा त्याच काठावर उभे राहिले असणार, त्याच्या आणि माझ्या वडिलांचं गाव एकच. मला हुंदका आला आणि मी तो दाबला नाही.

मग वहिनी बोलल्या. हळू, पण जिन्यात स्पष्ट ऐकू आलं.

"लोकांनी आपल्या दारात थांबावं असं वाटतंय तुम्हाला. वाटू दे की, मलाबी वाटतंय. पण दार कुठाय आपलं?"

अण्णाने त्यांच्याकडे बघितलं.

"क्वार्टरचं दार रेल्वेचं होतं," वहिनी म्हणाल्या. "आताचं दार त्या बाईचं. ती मोटर लावेल तवा मी पाणी भरते. मीबी घागर घेऊन उभीच हाय की. तुमचं अप्पा तळ्याला, मी जिन्यात. तिच्यासारखं लोकांना थांबवायला तुम्ही जागा देणार, आणि मी कुठं जाऊ?"

त्यांनी आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवून मी त्यांचं एवढं सलग बोलणं पहिल्यांदा ऐकत होते. अण्णा कठड्याला टेकला. पेन अजून हातात उघडंच होतं, शाईचा ठिपका इस्त्रीच्या शर्टावर पसरत होता.

मग तो आत गेला. आतून बसवराजचा आवाज चढलेला ऐकू आला, मग वकिलांचा, मग पुन्हा बसवराजचा, यावेळी विनवणीचा. मी वहिनींचा हात धरला. दार उघडलं, अण्णा बाहेर आला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "चला. झालं."

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"नको म्हटलं."

परतताना

दुपारी तिघंही बसने रायापूरला गेलो. राखणदाराने मशीनचा मेन स्विच बंद करून चालू केला होता, गन आपोआप सुटली होती. मधल्या वेळात कुणी आलं होतं का, असं मी विचारलं नाही. अण्णानेही नाही.

गाडी काढून प्लॉटवर थांबलो. मला वाटत होतं की मी अण्णाकडून काहीतरी काढून घेतलं. ते बरोबर असूनही काढून घेतलंच. वहिनी मात्र चप्पल काढून जमिनीवरून चालायला लागल्या. इथं सोपा, आल्यागेल्याला बसायला, असं म्हणाल्या. इथं चूल, इकडं उजेड येईल. दार रस्त्याकडं. अण्णा आधी लांब उभा होता, मग त्यांच्या मागे मागे चालायला लागला, मग दार अजून जरा इकडं घे म्हणून वाद घालायला लागला. वर्कशॉपातला माणूस, मोजमाप चुकलेलं त्याला सोसत नाही.

दाराची जागा ठरल्यावर तो तिथं उभा राहिला आणि रस्त्याकडे बघून म्हणाला, "यशू, इथं बाहेरच्या भिंतीला एक सॉकेट काढता येईल काय? साधा, पंधरा अँपियरचा. कुणाची गाडी अडली तर."

"येईल की. पण अण्णा, त्यावर गाडी भरायला अख्खी रात्र जाते."

"जाऊ दे," अण्णा म्हणाला. "रात्रभर माणूस गाडीत बसून राहील व्हय? आत यावं लागेल त्याला. आमच्या घरात बसावं लागेल."